नव्या नळीचं भोक

कासिगाक
शनिवार, १६ जानेवारी १९८८

निकिफोर,

आणि वर तुझ्या बायकोनं मलाच विचारावं, की ‘तुमच्या मुलीनं तेलाचं झाकण घट्ट लावलं होतं ना?’ दुकानातल्या फोनपाशी माझ्यामागं सहा माणसं उभी होती. सगळ्यांनी माझं तोंड बघितलं. तू घरात नाहीस म्हणाली. मग मागं खोकत कोण होतं? तुझा खोकला मी तू पाळण्यात होतास तेव्हापासून ओळखते. फोनवर येत नाहीस तर हे पत्र घे. मी चौथीपर्यंत शिकले, पण लिहिता येतं एवढं तरी तुला माहीत आहे.

काय झालं ते त्या हार्लन मेकॅनिकनं तुला त्याच्या पद्धतीनं सांगितलं असेलच. आता माझ्याकडून ऐक. मंगळवारी सकाळी उणे बत्तीस होतं. माझ्या ओलिंकानं विमानाच्या इंजिनावर रजई टाकून दीड तास शेगडी लावली, तेल बघितलं, अकरा क्वार्ट होतं, भरपूर. डाक चढवली. मागच्या सीटवर अनुस्का म्हातारी, कंबर दाखवायला दवाखान्यात निघालेली. वीस मिनिटांत काचेवर एक थेंब आला. मग चार. मग सगळी काच काळी. माझ्या पोरीनं बाजूची खिडकी उघडली, डोकं बाहेर काढलं आणि विमान नदीच्या बर्फावर उतरवलं. डाव्या गालाची सालं अजून निघताहेत. इंजिनात तेल उरलं होतं दोन क्वार्ट. आणखी पाच मिनिटं गेली असती तर मी हे पत्र लिहीत बसले नसते, आणि तूही खोकत बसला नसतास.

अनुस्का वाटभर प्रार्थना म्हणत होती. खाली उतरल्यावर ओलिंकाला म्हणाली, “पोरी, निघायच्या आधी काच पुसत जा गं.” गावात सगळे हसतात. मला हसू येत नाही.

संध्याकाळच्या आत मी आणि तुझे दाजी बर्फगाडीवरून तिथं पोचलो. मी स्वतः बघितलं. तेलाच्या झाकणावर हिम बसलेलं, पांढरं, कोरडं. झाकणातून तेल गेलं असतं तर एका बाजूनं ओघळ आला असता. इथं तेल पुढून आलं होतं, पंख्याच्या मागून, आणि पंख्यानं ते चारी अंगांनी फेकलं होतं. तीस वर्षं मी तुझ्या दाजींच्या हातात पाने-पकडी देत आले आहे. तेल कुठून निघालं एवढं मला कळतं.

बुधवारी हार्लन विमान तपासायला आला. तंबू ठोकला, मोठी शेगडी लावली, आम्हाला म्हणाला, “तुम्ही गाडीत बसा, बाई, गारठाल.” दोन तासांनी हाक मारली. इंजिन फडक्यानं पुसून लख्ख केलेलं! म्हणतो, “झाकण सैल होतं.” मी म्हटलं, “कालपर्यंत नव्हतं.” तर म्हणतो, “काल तुम्ही अंधारात बघितलंत.” अंधार नव्हता. आणि त्याचा पुतण्या आमच्याकडचं डाकेचं काम मागतोय हे आख्ख्या नदीला माहीत आहे.

पण हार्लननं ते इंजिन ऑक्टोबरात उघडलं नव्हतं. इथं येऊन तू उघडलंस. वार्षिक तपासणी तू केलीस, पंख्यामागचं रबराचं सील तू नवीन घातलंस, वहीत तुझ्या हातचं लिहिलेलं आहे आणि खाली तुझी सही आहे. तू आणि हार्लन एकाच शाळेत मेकॅनिकी शिकलात. मंगळवारनंतर तुम्ही दोघं बोललात की नाही? सील नीट बसवलं होतंस की नाही?

आगाफ्या


बुधवार, २० जानेवारी

निकिफोर,

कालच्या विमानात तुझं काही नव्हतं. डाकेची पिशवी मी स्वतः उलटी करून बघितली. डाक आता हार्लनचा पुतण्याच आणतो. तो म्हणाला, “मावशी, पत्र असतं तर दिलं नसतं का?” काय माहीत.

विमान आम्ही दोन बर्फगाड्या लावून ओढत घरी आणलं. काल पंखा उतरवला. तुझ्या दाजींची बोटं या वर्षी पार लाकडं झाली आहेत, पाना धरवत नाही, म्हणून ते सांगतात आणि मी करते. सांगतात म्हणजे ओरडतात. इंजिनांनी कान खाल्ले, आता त्यांना वाटतं जगच बहिरं आहे. 

मी म्हटलं, “सील बाहेर आलंय.” 

ते म्हणाले, “चहा नको.” 

“सील! सील!” 

“मग ओरडतेस कशाला, दाखव.”

दाखवलं. त्यांनी ते रबराचं कडं अंगठ्यानं चाचपलं, मग ओठांना लावून बघितलं, कारण बोटांना काही कळत नाही. फाटलेलं नाही. झिजलेलं नाही. कड शाबूत आहे. म्हणजे तू सील बरोबर बसवलं होतंस. तेवढं तुझं तुला देऊन टाकते.

पण सील आपल्या जागेवरून पुढं ढकललेलं होतं. आतून ढकललेलं. दाजी म्हणाले, “इंजिनाला श्वास सोडता आला नाही.” हे तुला मी सांगायची गरज नाही, पण लिहिते, म्हणजे तू कानावर हात ठेवशील तर मला कळेल. आतली वाफ नळीतून बाहेर जाते. कडक थंडीत नळीच्या तोंडाशी ती वाफ गोठते, बूच बसतं. म्हणून आपल्याकडे नळीला वर, इंजिनाच्या उबेत, एक भोक पाडतात. तोंड बंद झालं तरी वाफ भोकातून जाते. भोक नसेल तर आत दाब चढतो आणि जे सगळ्यात लेचंपेचं ते आधी सुटतं. सील सुटलं. सगळं तेल त्या वाटेनं गेलं.

नळीत फुंकून बघितलं. मोकळी! असणारच. हार्लननं दोन तास शेगडी लावली, बर्फ वितळून गेला, पुरावा पाणी होऊन गेला. पण त्यानं तंबू काढल्यावर मी ती जागा बघितली होती. बरोबर नळीखाली, भाकरीएवढं, दुधासारखं पांढरं पाणी गोठलेलं. तेव्हा मला वाटलं त्याची कॉफी सांडली असेल. आता कळलं, नळीतलं बूच वितळून तिथं पडलं होतं.

आता तुला विचारते. जुनी नळी तडकली होती म्हणून ऑक्टोबरात नवीन नळी तूच घातलीस. नवीन नळी कारखान्यातून येते तेव्हा तिला भोक नसतं, कारखान्यातल्या माणसांना आपली थंडी काय ठाऊक. भोक पाडायचं तुझ्याकडं होतं. वहीत पाडलं म्हणून लिहिलंस, पण पाडायचं विसरलास ना? अँकरेजला मोठ्या शेडमध्ये, हीटरखाली काम करून करून विसरलास. तसं असेल तर तसं लिही.

कालच्या पिशवीत सरकारी तपासनिसाचा कागद मात्र आला. तो गुरुवारी, ४ फेब्रुवारीला येणार. इथं माझ्या स्वयंपाकघरात बसून ओलिंकाला विचारणार. हार्लननं ‘वैमानिकाचा निष्काळजीपणा’ असं आधीच लिहून दिलं आहे. तिचा परवाना जाईल. या नदीवर दुसरं काम नाही, आणि तिला दुसरं येतही नाही.

आ.


रविवार, २४ जानेवारी

निकिफोर,

भोक आहे.

चर्चमधून आल्यावर नळी उतरवली. भोक आहे, नीट पाडलेलं आहे, कडा घासलेल्या आहेत. माफी मागत नाही, कारण गोष्ट तिथं संपत नाही.

नळीवर लोकरीची पट्टी गुंडाळलेली आहे, थंडीसाठी, आपल्याकडे गुंडाळतात तशी. पट्टीला भोकासाठी जागा सोडलेली आहे. पण सोडलेली जागा एकीकडं आणि तू पाडलेलं भोक दुसरीकडं. जुन्या नळीचं भोक खाली होतं, तोंडापासून चार बोटांवर, मागच्या अंगाला. तू नव्या नळीचं भोक वीतभर वर पाडलंस, पुढच्या अंगाला. ते पट्टीखाली झाकलं गेलं. पट्टी तेलकट वाफेनं भिजली, गोठली, पत्र्यासारखी झाली. सुरीनं कापताना पातं मोडलं.

दाजी म्हणतात, वर पाडलंस ते शहाणपणाचं केलंस, तिथं जास्त ऊब असते. पण बदललंस तर सांगायचं कुणी? वहीत एवढंच लिहिलं आहे, ‘नळी बदलली, भोक पाडलं.’ कुठं पाडलं ते नाही. तीस वर्षं भोक एका जागी आहे आणि एक दिवस कुणाला न सांगता तू ते हलवतोस!

पट्टी कुणी गुंडाळली ते आता महत्त्वाचं नाही. कुणी का असेना, जुन्या जागी भोक असेल असंच धरून चाललं असेल. नळी तू बसवलीस, तपासणी तू केलीस, मग पट्टीचीही जबाबदारी तुझीच होते.

सांगितलं का नाहीस, त्याचं कारण मला ठाऊक आहे. ऑक्टोबरातल्या त्या आठवड्यात आपण दोघं बोलतच नव्हतो. रविवारी जेवताना मी तुला आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाबद्दल बोलले. बोलणारच. सगळं गाव जेवायला आलं होतं, आईच्या बाजूची पोरंटोरंसुद्धा, आणि तिचा एकुलता एक मुलगा नाही. तिची थाळी वाढून ठेवली होती आणि शेजारी तुझी रिकामी खुर्ची. तू म्हणालास, “ताई, सुट्टी मिळाली नाही.” मी म्हटलं, “मेलेल्या माणसाला सुट्टी मिळते, जित्याला नाही, होय रे?” मग तू ताट सरकवून उठलास. त्यानंतर ‘मीठ दे’ एवढंसुद्धा नाही.

म्हणून सांगितलं नाहीस का? रागापायी?

आ.


मंगळवार, २६ जानेवारी

निकिफोर,

आजही काही नाही. हे चौथं पत्र. यात मी जे लिहिते ते मागच्या तिन्हींत लिहायला हवं होतं.

काल ती कापलेली पट्टी टेबलावर पडली होती. ओलिंकानं ती उचलली, उलटी केली आणि खिडकीपाशी नेली. पट्टीची कड शिवलेली आहे, सुटू नये म्हणून. तिनं शिवण बघितली. मी चुलीकडं तोंड करून मासे उलटत होते.

ती म्हणाली, “आई, हा दातांच्या फटी साफ करायचा दोरा आहे.”

मी म्हटलं, “सगळेच वापरतात. कातडं शिवायला त्याच्याइतका चिवट दुसरा नाही.”

“सगळे वापरतात. पण दोन टाके पुढं आणि एक मागं, असं एकटी तूच घालतेस. माझ्या बुटांना आहे. आजीच्या बुटांना होतं.”

मासे करपले. तुझे दाजी कोपऱ्यातून ओरडले, “काय जळतंय?” ओलिंकानं तवा खाली उतरवला. मग ते आमच्या तोंडांकडं बघत राहिले. त्यांना ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं.

पट्टी मी गुंडाळली. दरवर्षी दाजी गुंडाळतात, या वर्षी त्यांच्या बोटांनी होईना. ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी संध्याकाळी तुम्ही दोघं वाफेच्या न्हाणीत होतात तेव्हा मी एकटीनं बाहेर जाऊन गुंडाळली. भोकाचं मला माहीत नव्हतं असं लिहिणार होते, कागदही घेतला होता. खोटं आहे. भोक असतं हे मला पक्कं माहीत आहे. मी हातानं चाचपलंसुद्धा नाही. जुन्या नळीवर जिथं होतं तिथं जागा सोडली आणि शिवून टाकली. नळी नवीन आहे हेही माहीत होतं. डोकं तापलेलं होतं. हात चालत होते आणि मनात तुझ्याशी भांडत होते. इंजिनाला हात लावायचा माझ्याकडं परवाना नाही, आणि लावला तर परवानावाल्याला सांगायचं असतं. मी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तुझ्याशी बोलावं लागलं असतं.

ओलिंका काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, “पुढच्या गुरुवारी मी तपासनिसांना सांगते, झाकण मीच सैल ठेवलं. सहा महिने घरी बसवतील, वर्षभर बसवतील. तुझं नाव कशाला कागदावर यायचं?” 

मी म्हटलं, “आणि वर्षभरानं कोण बसेल गं तुझ्या विमानात? अनुस्का?” 

तर म्हणते, “अनुस्का बसेल. तिला वाटतं काचच तेवढी घाण होती.”

हसत होती. तो सालं निघालेला गाल घेऊन हसत होती. तिला खोटं बोलू द्यायची नाही. गुरुवारी तपासनीस बसला की पट्टी मी स्वतः त्याच्यासमोर ठेवणार. मी केलं म्हणून सांगणार. माझं काय करायचं ते करू देत. माझ्याकडं काढून घ्यायला परवानाच नाही.

पण तो पुढं विचारणार: पट्टी कधी गुंडाळली? सोमवारी. तपासणीची सही कधी झाली? मंगळवारी सकाळी. म्हणजे सहीच्या आधी पट्टी नळीवर होती. मग सही करणाऱ्यानं काय बघितलं?

हे मीही तुला विचारते. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

त्या मंगळवारी सकाळी तू विमानापाशी गेलास, ते मी खिडकीतून बघत होते. तू पलीकडच्या बाजूला होतास. विमानाच्या पोटाखालून मला फक्त तुझे बूट दिसत होते. किटलीतलं पाणी उकळेपर्यंत तू तिथं उभा होतास. इंजिनावरचा पत्रा उघडलास की नाही ते मला दिसलं नाही. मग आत येऊन वहीत सही केलीस, पिशवी उचललीस. दारात थांबलास. माझ्याकडं वळलास, तोंड उघडलंस. आणि मी म्हटलं, “जा, विमान चुकेल तुझं.”

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दाजींनाही नाही. दोन आठवडे मी तुझ्यावर, हार्लनवर, त्याच्या पुतण्यावर संशय घेत बसले, तो या एका वाक्याला वळसा घालता यावा म्हणून. मी तुला काय बोलू दिलं नाही? ‘ताई, येतो’ म्हणणार होतास? आईबद्दल काही बोलणार होतास? की पट्टीबद्दल?

तीनच गोष्टी असू शकतात. एक, तू पत्रा उघडलाच नाहीस, थंडीत तसाच उभा राहिलास आणि सही ठोकलीस. मग तू आळशी आहेस, आणि ते तू लहानपणापासून आहेस. दोन, उघडलास, पट्टी दिसली, पण आपलं भोक तिच्याखाली गेलंय हे लक्षात आलं नाही. मग तू माझ्यासारखाच, डोकं दुसरीकडं. या दोन्हींतलं काहीही असलं तरी मी तपासनिसाला सांगेन की चूक दोघांची आहे, आणि तुझा परवाना वाचावा म्हणून त्याच्या पायाशी बसायला लागलं तर बसेन.

तीन, तुला दिसलं. कळलं. दारात सांगायला वळलास, मी तोडलं, आणि तू मनात म्हणालास, मरू दे, तिची तिला भोगू दे. आणि ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत तुला रोज माहीत होतं की तुझी भाची त्या इंजिनामागं बसून उडते आहे. फोन होता. टपाल होतं. म्हणून तुझी बायको आधीच झाकणाचं विचारते, म्हणून तू फोनवर येत नाहीस.

असं असेल तर तेही लिही. मी वाचेन. कुणाला दाखवायचं ते नंतर ठरवेन, पण वाचेन. नुसतं ‘एक’, ‘दोन’ किंवा ‘तीन’ एवढं लिहिलंस तरी चालेल, बाकी मजकूर नको. अँकरेजहून डाक शुक्रवारी निघते आणि मंगळवारी, २ फेब्रुवारीला, दुपारी इथं पोचते. पुतण्यावर विसंबायचं नाही म्हणून मी स्वतः धावपट्टीवर उभी राहीन, पिशवी माझ्यासमोर उघडायला लावीन. तपासनीस गुरुवारी येतो.

मंगळवारी पिशवीत तुझं पत्र नसेल, तर मी तीन धरून चालेन.

तुझी बहीण,
आगाफ्या